लाय डिटेक्टर चाचणी: किती खरी, न्यायालयात किती ग्राह्य? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाय डिटेक्टर नेमके काय मोजतो?

श्वास, घाम आणि रक्तदाब. खोटेपणा मोजणारा एकही सेन्सर त्यात नसतो.

यंत्राचे खरे नाव पॉलिग्राफ, म्हणजे एकाच वेळी अनेक रेघा काढणारे यंत्र. छातीभोवती आणि पोटाभोवती एकेक लवचिक नळी बांधतात, ती श्वासाची लय आणि खोली टिपते. एका हाताच्या दोन बोटांना धातूच्या पट्ट्या लावतात आणि त्यांतून अतिशय सौम्य विद्युतप्रवाह सोडतात. तळहातांना आणि बोटांना घाम सुटला की त्वचेतून प्रवाह सहज जातो आणि रेघ वर चढते. दुसऱ्या दंडावर रक्तदाब मोजतात तसाच पट्टा असतो. तो साधारण ६० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबापर्यंत फुगवून तसाच ठेवतात, त्यामुळे नाडीचे ठोके आणि दाबाचा चढउतार सलग दिसत राहतो. आताच्या यंत्रांत खुर्चीच्या बैठकीखाली हालचाल टिपणारी गादीही असते. जुन्या यंत्रांत कागदाच्या गुंडाळीवर शाईच्या सुया फिरत. आता सगळे संगणकाच्या पडद्यावर दिसते, पण मोजमाप तेच आहे.

या सगळ्यावरून शरीर कोणत्या क्षणी चाळवले एवढे कळते. ते भीतीने, संतापाने, लाजेने की खोटे बोलल्यामुळे चाळवले, हे रेघ सांगत नाही. ते परीक्षक ठरवतो. विश्वासार्हतेचा सगळा वाद या एका पायरीवर आहे.

चाचणी कशी होते? किती वेळ लागतो?

एकूण दीड ते तीन तास. त्यातला यंत्र लावून होणारा भाग फार तर अर्ध्या तासाचा.

सुरुवातीला परीक्षक बराच वेळ नुसता बोलतो. तब्येत, औषधे, झोप, प्रकरणाची हकिगत विचारतो आणि विचारायचा प्रत्येक प्रश्न आधी वाचून दाखवतो. चाचणीत अचानक नवा प्रश्न येत नाही. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते, पण अनपेक्षित प्रश्नाने कोणीही दचकतो आणि दचकल्याची रेघ निरुपयोगी असते. मग बऱ्याचदा एक छोटी सराव चाचणी घेतात: कागदावर एक आकडा लिहायचा आणि प्रत्येक आकड्याला ‘नाही’ म्हणायचे. त्यानंतर परीक्षक आकडा ओळखून दाखवतो. यंत्र जुळवणे हा त्याचा एक हेतू. ‘या यंत्रापुढे काही लपत नाही’ हे समोरच्याच्या मनावर ठसवणे हा दुसरा, आणि महत्त्वाचा.

प्रत्यक्ष फेरीत दहाएक प्रश्न असतात. उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. दोन प्रश्नांमध्ये वीस-पंचवीस सेकंदांची शांतता, कारण चढलेली रेघ खाली यायला तेवढा वेळ लागतो. पाचेक मिनिटांत फेरी संपते आणि पट्ट्यातली हवा सोडतात. तोवर हाताला मुंग्या आलेल्या असतात, आणि त्या मुंग्यांची अस्वस्थताही रेघेत उतरते. तेच प्रश्न क्रम बदलून निदान तीन फेऱ्यांत विचारतात.

शेवटी यंत्र काढल्यावरची चौकशी. ‘तक्ता काही वेगळेच सांगतोय, तुम्हाला काही सांगायचे आहे का?’ बहुतेक कबुल्या याच टप्प्यात येतात. तपास यंत्रणांना पॉलिग्राफ हवासा वाटतो तो मुख्यतः यासाठी.

‘आज शुक्रवार आहे का?’ असले बिनकामाचे प्रश्न कशाला विचारतात?

कारण एका रेघेला एकटीला काहीच अर्थ नसतो, ती दुसरीशी ताडून पाहावी लागते. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत तीन जातीचे प्रश्न असतात. समजा कपाटातून रोकड गेली आहे.

‘आज शुक्रवार आहे का?’ हा तटस्थ प्रश्न. ‘कपाटातली रोकड तुम्ही घेतलीत का?’ हा मुद्द्याचा प्रश्न. आणि ‘पंचविशीच्या आधी तुम्ही कधी दुसऱ्याची वस्तू न विचारता घेतली आहे का?’ हा तुलनेचा प्रश्न. तिसऱ्याचे प्रामाणिक उत्तर जवळपास सगळ्यांचे ‘हो’ असते. पण परीक्षकाने आधीच्या गप्पांत असे वातावरण तयार केलेले असते, की ‘हो’ म्हटले तर आपण चोरट्या वृत्तीचे ठरू. म्हणून माणूस कचरत ‘नाही’ म्हणतो.

गृहीतक असे की रोकड न घेतलेला माणूस या तिसऱ्या प्रश्नाला जास्त बिचकेल आणि घेतलेला दुसऱ्या प्रश्नाला. गृहीतक सुबक आहे. अडचण अशी की ज्याच्यावर चोरीचा आळ आहे, ज्याची नोकरी आणि अब्रू टांगणीला लागली आहे, तो निरपराध असला तरी लहानपणच्या पेन्सिलीपेक्षा रोकडीच्याच प्रश्नाला जास्त घाबरणार नाही, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

तक्त्यावरून निष्कर्ष कसा काढतात?

गुण देऊन. मुद्द्याचा प्रश्न आणि त्याच्या शेजारचा तुलनेचा प्रश्न अशी जोडी लावतात. श्वास, घाम आणि रक्तदाब या तिन्हींसाठी प्रत्येक जोडीला उणे ३ ते अधिक ३ यांमधला गुण मिळतो. मुद्द्याच्या प्रश्नाला प्रतिक्रिया मोठी असेल तर उणे, तुलनेच्या प्रश्नाला मोठी असेल तर अधिक. तीन जोड्या, तीन मोजमापे, तीन फेऱ्या, म्हणजे २७ वेळा गुण. बेरीज अधिक ६ किंवा वर गेली तर ‘फसवणूक आढळली नाही’, उणे ६ किंवा खाली गेली तर ‘फसवणूक आढळली’ आणि मधे राहिली तर ‘अनिर्णित’. गुणांच्या इतरही पद्धती आहेत, पण ही सर्वांत परिचित.

बेरीज तत्त्वतः ८१ पर्यंत जाऊ शकते आणि निकाल सहावर लागतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. एका खोकल्याने किंवा खोल उसाशाने घामाची रेघ आपोआप उडते. परीक्षकाने त्या जागी खूण करून तो गुण वगळला नाही, तर तेवढ्यानेही पारडे फिरू शकते. म्हणून अहवालासोबत मूळ तक्ते आणि चित्रीकरण मिळाले नाही, तर दुसऱ्या तज्ज्ञाला तपासण्यासारखे काही उरत नाही.

मग चाचणी कितपत बरोबर ठरते?

या विषयावरचा सर्वांत सखोल आढावा अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा सूर असा: एखाद्या विशिष्ट घटनेबद्दल विचारले, आणि समोरच्याने चाचणी चकवण्याचे शिक्षण घेतलेले नसले, तर पॉलिग्राफ नाणेफेकीपेक्षा बराच सरस ठरतो, पण बिनचूकपणापासून बराच लांब राहतो. नोकरभरतीसारख्या सरसकट चाळणीसाठी मात्र तो पुरेसा नाही.

जाहिरातींत दिसणारे ‘९५ टक्के’, ‘९८ टक्के’ हे आकडे कुठून येतात, हे समजून घेतले पाहिजे. प्रयोगशाळेत स्वयंसेवकांकडून लुटुपुटूची चोरी करवून चाचणी घेतात. तिथे खरे उत्तर माहीत असते, पण पकडले गेल्यावर काहीच बिघडत नाही, त्यामुळे भीतीही खरी नसते. प्रत्यक्ष गुन्ह्यांतल्या अभ्यासात भीती खरी असते, पण खरे उत्तर कळायचे कसे? बहुधा कबुलीवरून. इथे आकडे फुगतात. परीक्षकाने ‘हा खोटे बोलतोय’ म्हटले की त्यानंतर दडपण येते, कबुली मिळते आणि ते प्रकरण ‘बरोबर निघाले’ म्हणून अभ्यासात जाते. परीक्षकाने खऱ्या गुन्हेगाराला चुकून निर्दोष म्हटले तर त्याच्यावर दडपण येत नाही, कबुली येत नाही आणि ते प्रकरण अभ्यासात कधी पोचतच नाही. यंत्राच्या चुका अशा आपोआप गाळल्या जातात. हा दोष ज्यात आहे असा कोणताही आकडा खुशाल अर्धवट समजावा.

चाचणी ९० टक्के अचूक मानली, तर नापास झालेला माणूस ९० टक्के दोषी, असेच ना?

असे नाही. ही चूक शिकलीसवरलेली माणसेही करतात, म्हणून हिशेब मांडूनच दाखवतो.

एका कचेरीत २० माणसे आहेत आणि चोर त्यांतला एक. चाचणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक मानू, म्हणजे चोराला दहापैकी नऊ वेळा पकडते आणि निर्दोषाला दहापैकी नऊ वेळा सोडते. १९ निर्दोषांपैकी सरासरी १.९ जण अडकतील. चोर अडकण्याची सरासरी ०.९. म्हणजे नापास होणाऱ्या २.८ जणांत चोर ०.९. नापास झालेला एखादा माणूस खरोखर चोर असण्याची शक्यता साधारण ३२ टक्के. तीनांतले दोन नापास निर्दोष!

अमेरिकी परिषदेने हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर मांडला होता. १०,००० कर्मचारी, त्यांत १० हेर. दहांपैकी आठ हेर सापडावेत इतकी चाळणी बारीक ठेवली, तर त्यांच्याबरोबर सुमारे १,६०० निर्दोष माणसे अडकतात. निर्दोष चाळीसच्या आत ठेवायचे म्हणून चाळणी सैल केली, तर दहांतले आठ हेर सहीसलामत निसटतात. यंत्र तेच आणि चाचणीही तीच. शोधायची माणसे जितकी विरळ, तितका ‘नापास’ या शब्दाचा अर्थ पातळ होत जातो.

निरपराध माणूस नापास होण्याची नेमकी कारणे कोणती?

सर्वांत मोठे कारण वर आलेच: आळ आल्याची भीती. याशिवाय प्रश्नातला शब्द चुकलेला असतो. ‘तुम्हाला त्या रोकडीबद्दल काही माहीत आहे का?’ या प्रश्नाला ज्याने कुजबुज ऐकली आहे तोही चाळवतो. मृत व्यक्ती जवळची असेल तर तिचे नाव उच्चारताच रेघ हलते, ते दुःख असते. तुलनेचा प्रश्नच मिळमिळीत निघाला तर ताडून पाहायला काही उरत नाही.

मग शरीराच्या गोष्टी. ताप, सर्दी, दमा, जागरण, उपाशीपोट, तासन्‌तासाच्या उलटतपासणीनंतर लगेच घेतलेली चाचणी. हृदयविकार आणि गर्भावस्थेत चाचणी टाळतात. बीटा ब्लॉकर गटातली रक्तदाबाची औषधे नाडीची प्रतिक्रिया दाबतात, शामक औषधे एकूण सगळेच मंद करतात. त्यामुळे निकाल चुकीचा येण्याइतकाच अनिर्णित राहण्याचा संभव वाढतो. औषध लपवू नये आणि चाचणीसाठी स्वतःच्या मनाने बंदही करू नये. नाव आणि मात्रा लेखी नोंदवून घ्यावी.

आणि खोटे बोलणारा सुटू शकतो?

हो. अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयएचा अधिकारी आल्ड्रिच एम्स १९८५ पासून सोव्हिएत संघाला माहिती विकत होता. १९८६ आणि १९९१ मध्ये त्याच्या पॉलिग्राफ चाचण्या झाल्या आणि तो दोन्हींतून पार पडला. अटक १९९४ मध्ये. गॅरी रिजवे या साखळी खुन्याने १९८४ मध्ये चाचणी पार केली. २००१ मध्ये तो पकडला गेला तो डीएनएमुळे, आणि २००३ मध्ये त्याने ४८ खुनांची कबुली दिली. मधली सतरा वर्षे तो मोकळा होता.

चकवण्याचे तंत्र हे की मुद्द्याच्या प्रश्नाला शांत राहण्याची धडपड करायची नाही, तुलनेच्या प्रश्नाला मुद्दाम प्रतिक्रिया वाढवायची. जीभ चावणे, बुटात पायाची बोटे दाबणे, मनात सात-सात वजा करत जाणे. अशा युक्त्यांनी निकाल बिघडतो हे प्रयोगांत दिसले आहे. बैठकीखालची गादी स्नायूंची हालचाल पकडते, मनातली वजाबाकी पकडत नाही. तरीही हौशी माणसाच्या हातून हे बहुधा फसते, आणि पकडले गेले की ‘असहकार’ असा शेरा येतो. तो नापासापेक्षा वाईट दिसतो.

याहून बरी एखादी पद्धत आहे का?

आहे. तिला लपवलेल्या माहितीची चाचणी म्हणतात. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लिकन यांनी ती १९५९ मध्ये मांडली. तीत ‘तू केलेस का?’ असे विचारतच नाहीत. गुन्ह्याचा फक्त गुन्हेगाराला ठाऊक असलेला तपशील घेऊन विचारतात: रोकड कशात गुंडाळली होती? टॉवेलमध्ये? वर्तमानपत्रात? उशीच्या अभ्र्यात? पिशवीत? ओढणीत? ज्याला माहीत आहे त्याचे शरीर ‘अभ्रा’ ऐकून ओळख देते. ज्याला माहीत नाही त्याला पाचही सारखेच. अनभिज्ञ माणसाची सर्वांत मोठी प्रतिक्रिया योगायोगाने नेमक्या पर्यायाला येण्याची शक्यता पाचांत एक. असे सहा प्रश्न घेतले आणि सहाही वेळा तसेच झाले, तर योगायोगाची शक्यता १५,६२५ मध्ये एक. म्हणजे इथे निर्दोषाला संरक्षण देणारे गणित तरी आहे.

जपानचे पोलीस मुख्यतः हीच पद्धत वापरतात. इतरत्र ती मागे पडण्याचे कारण साधे आहे: तपशील फुटलेला चालत नाही. उशीचा अभ्रा संध्याकाळच्या बातम्यांत झळकला, किंवा चौकशीत अधिकाऱ्याच्याच तोंडून निघून गेला, की तो प्रश्न बाद.

नार्को, ब्रेन मॅपिंग, आवाजावरून खोटे ओळखणे: हे प्रकार जास्त भरवशाचे आहेत का?

नाहीत. नार्कोत सोडियम पेंटोथालसारखे औषध शिरेतून देऊन माणसाला अर्धवट गुंगीत ठेवतात. गुंगीत संकोच सुटतो, पण कल्पनाही सुटतात, आणि विचारणाऱ्याने सुचवलेले सहज उचलले जाते. भूल देण्याचा धोका वेगळाच. ब्रेन मॅपिंगमध्ये डोक्यावर इलेक्ट्रोड लावून ओळखीच्या शब्दाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते पाहतात, पण गुन्हा केल्याची आठवण आणि गुन्ह्याबद्दल ऐकल्याची आठवण यांतला फरक त्यावरून खात्रीने सांगता येत नाही. तरीही २००८ मध्ये पुण्यातल्या एका खून खटल्यात सत्र न्यायालयाने दोषसिद्धीच्या कारणांत अशा चाचणीचा आधार घेतला होता आणि जगभरच्या मेंदूतज्ज्ञांच्या भुवया उंचावल्या होत्या. आवाजातला ताण मोजणारी सॉफ्टवेअर तर नाणेफेकीच्या पुढे फारशी जात नाहीत.

भारतात पोलीस जबरदस्तीने पॉलिग्राफ करू शकतात का?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात ५ मे २०१० रोजी पॉलिग्राफ, नार्को आणि ब्रेन मॅपिंग या तिन्हींबाबत हे स्पष्ट केले. कोणाही व्यक्तीवर, गुन्ह्याच्या तपासात असो की अन्यथा, तिच्या इच्छेविरुद्ध यांपैकी कोणतीही चाचणी करता येत नाही. आधार दोन: स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून संरक्षण देणारा संविधानाचा अनुच्छेद २०(३), आणि अनुच्छेद २१ मधले व्यक्तिस्वातंत्र्य. हे संरक्षण संशयिताला आहे तसेच साक्षीदारालाही आहे.

रक्त, बोटांचे ठसे, आवाजाचा नमुना सक्तीने घेता येतो. मग पॉलिग्राफच का नाही?

ठसा ही शरीराची वस्तुस्थिती आहे. ती स्वतः काही ‘सांगत’ नाही, फक्त ताडून पाहता येते. ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ या १९६१ च्या निकालात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने स्वतःविरुद्ध साक्ष देण्यात मोडत नाहीत असे ठरवले. आवाजाच्या नमुन्याबाबत २०१९ च्या रितेश सिन्हा निकालाने दंडाधिकाऱ्यांना तसा आदेश देण्याचा अधिकार मान्य केला. पॉलिग्राफमध्ये मात्र शरीराची प्रतिक्रिया मनातल्या माहितीचे वाहन म्हणून वापरतात. तोंडाने उत्तर दिले काय नि घामाने दिले काय, ते उत्तरच. म्हणून ते साक्ष देण्याच्या बाजूला पडते. वैद्यकीय तपासणीच्या कलमात ‘आणि अशा इतर चाचण्या’ असे शब्द आहेत. त्यांत पॉलिग्राफ बसवण्याचा युक्तिवादही सेल्वीत फेटाळला गेला. ते कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ५१ व्या क्रमांकावर आहे.

संमती नेमकी कशी घ्यावी लागते?

ठाण्यातल्या कोऱ्या छापील फॉर्मवरची सही म्हणजे संमती नव्हे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि ती काटेकोर पाळावीत असे सेल्वी निकालात सांगितले आहे. त्यांचा गाभा असा:

- चाचणी करायची की नाही हा पर्याय आरोपीला द्यायचा. तो तयार झाला तर त्याला वकील मिळाला पाहिजे. चाचणीचे शारीरिक, भावनिक आणि कायदेशीर परिणाम पोलिसांनी आणि वकिलाने, दोघांनी समजावायचे.
- संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवायची. तिथे आरोपीच्या बाजूने वकील हवा.
- चाचणीतले कथन दंडाधिकाऱ्यांपुढच्या कबुलीजबाबासारखे नसून पोलिसांपुढच्या जबाबाच्या दर्जाचे राहील, हे त्याला तिथेच स्पष्ट सांगायचे. दंडाधिकाऱ्यांनी तो किती दिवस कोठडीत आहे, चौकशी कशी झाली, हेही पाहायचे.
- प्रत्यक्ष चाचणी स्वतंत्र संस्थेने, वकिलाच्या उपस्थितीत घ्यायची आणि माहिती कशी मिळाली याची संपूर्ण नोंद ठेवायची.

महाराष्ट्रात या चाचण्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत होतात, तिचे मुख्यालय मुंबईत कलिना येथे आहे. व्यवहारात घोटाळा होतो तो दुसऱ्या मुद्द्यावर. आरोपी आधीच पोलीस कोठडीत असतो, त्याला पाच मिनिटे न्यायालयात उभे करतात, ‘संमती आहे का?’ असे विचारतात, तो मान डोलावतो. वकिलाने त्याच क्षणी स्वतंत्र भेटीसाठी वेळ मागितला नाही, तर ती मान डोलावणे पुढे ‘स्वेच्छा’ म्हणून कागदावर येते.

स्वेच्छेने दिलेल्या चाचणीचा अहवाल पुरावा म्हणून चालतो का?

अहवाल स्वतःच पुरावा म्हणून चालत नाही. सेल्वीत दिलेले कारण असे की संमती असली तरी चाचणी चालू असताना प्रतिसादांवर माणसाचे जाणीवपूर्वक नियंत्रण नसते. त्यामुळे ‘चाचणीत नापास, म्हणून दोषी’ हे वाक्य न्यायालयात उभेच राहत नाही.

चाचणीत सांगितले म्हणून हत्यार सापडले, तर?

ही एकमेव महत्त्वाची वाट. स्वेच्छेच्या चाचणीच्या मदतीने नंतर जे शोधून काढले, ते साक्ष कायद्याच्या जुन्या कलम २७ नुसार ग्राह्य धरता येते. ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकात आहे. न्यायालयापुढे विहिरीतून काढलेला कोयता येतो, तक्ता येत नाही. आणि शोधाशी थेट संबंधित तेवढेच वाक्य ग्राह्य. ‘कोयता विहिरीत टाकला’ हे येईल, ‘त्याच कोयत्याने मी मारले’ हे येणार नाही.

बचावाची तपासणी इथेच होते. संमती दंडाधिकाऱ्यांसमोर होती का? माहिती आरोपीकडून आली, की जागा पोलिसांना आधीच ठाऊक होती? निवेदन पंचनामा, म्हणजे आरोपीचे म्हणणे पंचांसमोर नोंदवलेला कागद, जप्तीच्या आधीचा आहे का, पंच स्वतंत्र आहेत का? जागा सगळ्यांना खुली होती का? यांतले एक जरी ढिले असले, तरी जप्तीचे वजन घसरते.

नकार दिला तर तो माझ्याविरुद्ध वापरता येईल का?

सक्तीच करता येत नाही, तेव्हा नकाराला दोषाचे लक्षण मानणे म्हणजे मागच्या दाराने सक्ती करणे. नकार हा हक्काचा वापर आहे. बातम्यांत ‘चाचणीला नकार, संशय बळावला’ असा मथळा येईल, पण तो मथळा पुरावा नव्हे. नकार लेखी द्यावा, एका ओळीत, कारणमीमांसा न करता.

आरोपीलाच चाचणी हवी असेल तर?

‘अमलेश कुमार विरुद्ध बिहार राज्य’ या ९ जून २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नार्कोच्या संदर्भात याचे उत्तर दिले. आरोपी योग्य टप्प्यावर, म्हणजे बचावाचा पुरावा देण्याचा हक्क वापरताना, स्वेच्छेने चाचणीची मागणी करू शकतो. मात्र तो निरपवाद हक्क नाही. न्यायालयाने संमती आणि सुरक्षिततेची खात्री करून परवानगी द्यायची, आणि केवळ अशा अहवालावर दोषसिद्धी होऊ शकत नाही. जामिनाच्या अर्जावर सुनावणी चालू असताना सरसकट नार्को करण्याची तपास अधिकाऱ्याची तयारी उच्च न्यायालयाने मान्य केली होती, ती याच निकालाने रद्द झाली.

‘मी निर्दोष आहे, मला कसली भीती’ म्हणून खासगी चाचणीला धावणारे पुष्कळ असतात. वरचा २० माणसांचा हिशेब त्यांनी पुन्हा वाचावा. पास झालात तर तो कागद न्यायालयात फारसा उपयोगी पडत नाही, आणि नापास झालात तर तपासाचा रोख तुमच्यावर खिळतो.

इतर देशांत काय स्थिती आहे?

अमेरिकेत पहिला गाजलेला निकाल १९२३ चा, फ्राय खटला. तिथेही चाचणी आरोपीलाच हवी होती. न्यायालयाने ती नाकारली आणि ‘त्या शास्त्रात सर्वमान्य झालेलीच पद्धत ग्राह्य’ अशी कसोटी घालून दिली. १९९३ च्या डॉबर्ट निकालाने कसोटी बदलली आणि काही न्यायालयांत दार किलकिले झाले. पण १९९८ च्या शेफर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लष्करी न्यायालयांतली पॉलिग्राफवरची सरसकट बंदी वैध ठरवली. राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत, न्यू मेक्सिकोत अटींसह पुरावा चालतो. खासगी नोकऱ्यांत अशा चाचण्यांवर १९८८ च्या कायद्याने बहुतांशी बंदी आहे. सरकारी गुप्तचर खाती मात्र त्यातून वगळलेली, हा विरोधाभास त्यांनाच ठाऊक!

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये बेलांड खटल्यात पॉलिग्राफ नाकारला, जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने १९९८ मध्ये तो पुरावा म्हणून पूर्णपणे अयोग्य ठरवला. इंग्लंडमध्ये सुटकेनंतर देखरेखीखाली असलेल्या लैंगिक गुन्हेगारांची चाचणी २००७ च्या कायद्याखाली घेता येते, पण त्यातली माहिती त्यांच्यावरच्या फौजदारी खटल्यात वापरता येत नाही.

कंपनीने चाचणीला बसायला सांगितले तर?

‘गुन्ह्याच्या तपासात असो की अन्यथा’ हे सेल्वीतले शब्द आठवा. सही करण्याआधी लेखी विचारा: कोणत्या घटनेबद्दल, प्रश्न कोणते, अहवाल कोणाकडे जाणार. भरतीच्या वेळी ‘तुम्ही प्रामाणिक आहात का?’ छापाची मोघम चाचणी असेल, तर ती शास्त्राच्या सर्वांत कच्च्या बाजूवर उभी आहे. पतीपत्नीच्या संशयासाठी किंवा घरातल्या चोरीसाठी खासगी चाचणी करवणाऱ्यांनाही हेच लागू.

होकार द्यायचाच ठरला, तर काय काय मागून घ्यावे?

प्रश्नांची अंतिम यादी आधी हातात हवी, आणि ‘माहीत आहे का’, ‘संबंध आहे का’ असले सैल शब्द काढून ‘तुम्ही घेतले का’ असे एका कृतीवर आणलेले हवेत. चाचणी मातृभाषेत हवी. मनातल्या मनात भाषांतर करणाऱ्याचा श्वास वेगळा चालतो. आदल्या रात्री झोप झालेली असावी आणि त्या दिवशी चौकशी झालेली नसावी. संपूर्ण चित्रीकरण, तेही चाचणीआधीच्या आणि नंतरच्या गप्पांसह, आणि मूळ तक्त्यांची प्रत मिळेल असे दंडाधिकाऱ्यांपुढेच नोंदवून घ्यावे. खोलीत तिसरा माणूस नको असे परीक्षक म्हणतात. तसे असेल तर वकिलाला पडद्यावर किंवा काचेपलीकडून पाहता येईल अशी सोय मागावी. यंत्र काढल्यावर मात्र बोलणे तिथेच थांबवावे. ‘तक्ता वेगळे सांगतोय’ या वाक्याला उत्तर देण्याचे बंधन नाही.

मध्येच थांबता येते का?

येते. संमती दिली म्हणजे शेवटपर्यंत बसण्याची सक्ती झाली, असे नाही. शिवाय पॉलिग्राफ माणसाच्या सहकार्याशिवाय चालतच नाही. स्थिर न बसणाऱ्या, उत्तर न देणाऱ्या माणसाचा तक्ता वाचता येत नाही. ‘मला पुढे करायचे नाही’ असे चित्रीकरणात ऐकू येईल इतक्या स्पष्टपणे सांगावे, वेळ नोंदवायला लावावी आणि दंडावरच्या पट्ट्यातली हवा सोडायला सांगावी.